कावळा, फांदी आणि आमची विहीर

आपल्या हॉस्टेलच्या रजिस्टरमध्ये चार रकाने असतात. नाव, रूम नंबर, जाण्याची वेळ आणि 'कारण'. पहिले तीन सगळेजण खरे भरतात. चौथ्याबद्दल न बोललेलं बरं! गेल्या सेमिस्टरला एकाच मुलीची आजी दोनदा वारली म्हणे...

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या चौथ्या रकान्यावर आहे. 'कार्यकारणभाव' हा शब्द मला फर्स्ट इयरपर्यंत माहीतच नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'कॉज अँड इफेक्ट' शिकलो. 'कार्य' म्हणजे माझ्या डोक्यात फक्त लग्नकार्य. त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कार्याला न जाण्याचं जे कारण सांगतात त्याला म्हणत असतील. हसू नका. आमच्या आजोळी तो अर्थसुद्धा तंतोतंत लागू पडतो.

माझं आजोळ वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना. धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. खाली शहागडला गोदावरी आहे, जायकवाडीचा डावा कालवा याच पट्ट्यातून पुढे परभणीकडे जातो. पण पाणी जवळून जाणं वेगळं आणि आपल्या शेतात येणं वेगळं. आमचं शेत चढावर. सगळी भिस्त विहिरीवर. सात परस विहीर, म्हणजे चाळीस-बेचाळीस फूट, आणि तिच्यावर मोसंबीची दोनशे झाडं.

२०११ च्या उन्हाळ्यात आजोबांच्या चुलत भावाने, म्हणजे आमच्या धाकट्या आजोबांनी, बांधापलीकडे बोअर घेतला. आमच्या विहिरीपासून साधारण दोनशे फुटांवर. २०१२ ला पाऊस दगा देऊन गेला. त्या वर्षीच्या दुष्काळाची तुलना थेट १९७२ शी झाली होती, आणि जालना जिल्हा त्यात सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी होता. २०१३ च्या फेब्रुवारीत आमच्या विहिरीचा तळ दिसला. आजोबांनी टँकर लावून बाग जगवायचा प्रयत्न केला, पण टँकरच्या पाण्यावर बाग किती दिवस जगणार? मे महिन्यात झाडं तोडून सरपण केली. मी तेव्हा लहान होते. मला आठवतं ते एवढंच, की अंगणात मोसंबीच्या लाकडांचा ढीग होता आणि त्यावर खेळायला गेलो म्हणून पहिल्यांदाच आजोबा आमच्यावर ओरडले.

आजोबांचा निकाल एका वाक्याचा. "त्यानं बोअर घेतला अन् आपली विहीर आटली." तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. मधे धाकट्या आजोबांकडे लग्न झालं, आमच्याकडून कोणी गेलं नाही. कार्य आणि कारण, दोन्ही झालं.

थर्ड इयरला आल्यावर मला एक खोड लागली. आजोबांचं ते वाक्य मी एखाद्या सर्किटसारखं तपासायला लागले. त्या वाक्यात नक्की सिद्ध काय झालंय? आधी बोअर, नंतर विहीर आटली. एवढंच. आणि 'आधी' म्हणजे 'मुळे' नव्हे, हे तर आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतोच की! संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात, तिथे ताडाचं झाड आहे. कावळा निर्दोष आहे हे सगळ्यांना मान्य. पण खरी गोष्ट जी कोणी विचारत नाही ती ही, की कावळा निर्दोष हे ठरवलं कसं? कावळ्याला वजन असतंच. फांदी आधीच किडलेली असेल, मोडायला चार-सहाशे ग्रॅमच कमी पडत असतील, तर?

इथे तत्त्वज्ञानवाले येतात. मला आधी वाटायचं की हे लोक नुसते शब्दांचे बुडबुडे सोडतात. न्यायदर्शन वाचायला लागल्यावर मत बदललं. मी वाचलं ते सोप्या मराठी पुस्तकांतून, मूळ संस्कृत मला झेपत नाही.

नैयायिक म्हणतात, कारण म्हणजे जे कार्याच्या आधी असतं, दरवेळी नियमाने असतं, आणि जे 'अन्यथासिद्ध' नसतं. हा तिसरा मुद्दा भन्नाट आहे. अन्यथासिद्ध म्हणजे हजर असूनही हिशेबात न धरायचं ते. कुंभार मडकं करतो. माती हवी, चाक हवं, चाक फिरवायची काठी हवी. पण त्या काठीचा रंग? कुंभाराचा बाप? तो नसता तर कुंभारच नसता, मग बापही मडक्याचं कारण का? आणि माती वाहून आणणारं गाढव? विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेद' या ग्रंथात अशा पाच प्रकारच्या फुकट हजेरी लावणाऱ्यांची यादीच आहे, आणि त्यात गाढव खरोखर आहे. गाढवाने आणलेल्या मातीचं मडकं होतं तसं डोक्यावरून आणलेल्या मातीचंही होतं, म्हणून गाढव बाद. ग्रुप प्रोजेक्टच्या रिपोर्टवर पाच नावं असतात त्यातली कोणती अन्यथासिद्ध, हे मी इथे लिहीत नाही!

मग उरलेल्या खऱ्या कारणांचे त्यांनी तीन वर्ग केले. त्यांचं आवडतं उदाहरण कापडाचं, आपण पैठणीचं घेऊ, पैठण काही आमच्या गावापासून लांब नाही. रेशमाचे धागे हे समवायी कारण, पैठणी त्यांच्यातच राहते. धाग्यांची एकमेकांतली गुंफण हे असमवायी कारण. तेच धागे नुसते गुंडाळून ठेवले तर साडी होत नाही. आणि विणकर, माग, धोटा हे निमित्त कारण. साडी झाल्यावर माग मोडला तरी साडीला काही होत नाही, पण धागे जळले तर साडी गेली. म्हणजे 'पैठणी कशामुळे?' या एका प्रश्नाची तीन खरी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या विरोधात नाहीत. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने असंच चार कारणांचं वर्गीकरण केलं होतं. त्याच्या यादीत 'कशासाठी' हेही एक कारण आहे, ते पुढे भौतिकशास्त्राने काढून टाकलं.

सांख्यांचं आणि नैयायिकांचं भांडण यावरच. सांख्य म्हणतात कार्य आधीपासून कारणात असतंच, तिळात तेल असतं म्हणून निघतं, वाळूतून निघत नाही. हा सत्कार्यवाद. नैयायिक म्हणतात, धाग्यात साडी आधीच असेल तर धागेच नेसा ना! साडी ही नवी वस्तू. हा असत्कार्यवाद. सत्कार्यवाद म्हणजेच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम, असं काही लेखांत छापलेलं असतं. मला हे पटत नाही. ऊर्जेचा नियम मोजून ठरतो, ज्यूलमध्ये. सांख्यांना ज्यूल मोजायचे नव्हते, त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांच्या जागी चांगला होता. त्याला उसन्या कोटाची गरज नाही.

या सगळ्यांना खरा धक्का दिला डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश माणसाने. १७३९ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ यायला लागला तेव्हा तो तिशीच्याही आत होता. आपल्याकडे चार्वाकांनी अनुमानावर अशीच शंका घेतली होती, पण त्यांचं स्वतःचं लिखाण फारसं उरलं नाही, जे कळतं ते बहुतेक त्यांच्या विरोधकांकडून. ह्यूमचं म्हणणं कॉमन रूममधल्या कॅरमवर समजून घ्या. स्ट्रायकर सोंगटीवर आपटला, सोंगटी सुटली. तुम्ही काय पाहिलंत? स्ट्रायकर आला, टेकला, सोंगटी निघाली. 'मुळे' कुठे दिसलं? ते दिसत नाही. हजारदा तसंच झालं म्हणून मनाला सवय लागली, आणि त्या सवयीला आपण 'मुळे' म्हणतो. रात्री दीड वाजता हे वाचलं तेव्हा माझी खरंच झोप उडाली होती. पंखा बटणामुळे फिरतोय हेसुद्धा मला तेव्हा नक्की वाटेना.

पण ह्यूमवर थांबलं तर एमसीबी कोणी उडवला हे कधीच कळणार नाही. (रेक्टर मॅडम हा लेख वाचत असतील तर पुढचं उदाहरण पूर्णपणे काल्पनिक समजावं.) एका मजल्याला ३२ अँपिअरचा एमसीबी आहे. थंडीच्या सकाळी हजार वॅटचे हीटर बादल्यांत पडायला लागतात. एक हीटर २३० व्होल्टला साधारण सव्वाचार अँपिअर घेतो. सात लागले, तीस अँपिअर, सगळं ठीक. आठवा लागला, नववा लागला, दहावा लागला आणि थोड्या वेळाने अंधार. मग मजल्यावर सभा भरते आणि निकाल लागतो, जिने शेवटी लावला तिच्यामुळे गेली.

आता किरचॉफला विचारा. तो दहा करंटची बेरीज करतो. बेरजेत पहिला आणि दहावा असा भेद नसतो, क्रम बदला, उत्तर तेच. शिवाय एमसीबीतली बायमेटलची पट्टी तापून वाकायला वेळ घेते, त्यामुळे शेवटी लावणारी मुलगी आंघोळ उरकूनही गेलेली असू शकते. आणि खरी गंमत पुढे आहे. करंटचे वाटे पाडता येतात, प्रत्येकीचे सव्वाचार अँपिअर. एमसीबी उडण्याचे वाटे पाडता येत नाहीत. एक दशांश एमसीबी उडाला असं नसतं. तो एकतर आहे किंवा गेला. माप सरळ रेषेत वाढत जातं, पण घटना एक उंबरठा ओलांडल्यावर एकदमच होते, आणि जो त्या क्षणी उंबरठ्यावर सापडतो त्यालाच आपण कारण म्हणतो.

समीकरणात कारण शोधायला गेलं की ते सापडत नाही, हा अनुभव मला आधी ओहमच्या नियमात आला होता. व्होल्टेजमुळे करंट वाहतो असं आपण पाठ करतो. पण कॉन्स्टंट करंट सोर्स लावला तर करंट ठरलेला, आणि व्होल्टेज त्याच्यामुळे येतं. समीकरण एकच. बरोबरच्या चिन्हाला डावीकडून उजवीकडे असा बाण नसतो. बर्ट्रांड रसेलने १९१२ मध्ये यावर एक व्याख्यान दिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की प्रगत विज्ञानात कारण हा शब्द येतच नाही, आणि कार्यकारणाचा नियम इंग्लंडच्या राजेशाहीसारखा आहे, निरुपद्रवी आहे या गैरसमजावर टिकून राहिलेला! न्यूटनची समीकरणं तर काळ उलटा फिरवला तरी चालतात. ग्रहांची फिल्म उलटी लावा, कोणाला कळणार नाही. लाप्लासने १८१४ मध्ये लिहिलं की विश्वातल्या सगळ्या कणांची या क्षणाची स्थिती आणि सगळी बलं कळली, तर भविष्य आणि भूतकाळ दोन्ही सारखेच मोजता येतील. म्हणजे त्याच्या हिशेबात उद्यापासून काल काढता येतो. मग आधी-नंतरला अर्थ काय उरला?

तरीपण रसेलचं मला पूर्ण पटत नाही, निदान ईअँडटीसीची विद्यार्थिनी म्हणून तरी. 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स'मध्ये 'कॉजल सिस्टिम' नावाची गोष्ट पहिल्या युनिटलाच असते. जिचं आउटपुट इनपुटच्या आधी येत नाही ती. इम्पल्स द्यायच्या आधी रिस्पॉन्स शून्य. पुस्तकातला आदर्श लो-पास फिल्टर ही अट मोडतो, म्हणून तो जगात कोणीही बनवू शकत नाही. हा झाला प्रत्यक्ष वेळेत चालणारा फिल्टर. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं असेल तर पुढचे सॅम्पल हातात असतात, मग ही अट पाळायची गरज नाही. कार्यकारणभाव ही इथे गप्पांची गोष्ट नाही, परीक्षेत सहा मार्कांना येते.

आइन्स्टाइनने १९०५ नंतर या अटीला हद्दसुद्धा आखून दिली. कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोचत नाही. सूर्यावर आत्ता काही झालं तर आठ मिनिटं वीस सेकंदांपर्यंत ते आपल्या कशाचंच कारण असू शकत नाही. क्वांटमने दुसऱ्या बाजूने धक्का दिला. युरेनियम-२३८ चा अर्धा साठा साधारण साडेचारशे कोटी वर्षांत विघटित होतो हे पक्कं, पण एखादा अमुक अणू आजच का फुटला आणि शेजारचा का नाही, याला क्वांटम सिद्धांतात उत्तरच नाही. कुठेतरी लपलेलं कारण असेल असं आइन्स्टाइनला वाटायचं. जॉन बेलने १९६४ मध्ये हे तपासायची गणिती युक्ती काढली, आणि तसे प्रयोग करणाऱ्या अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. निष्कर्ष असा, की कणाने आपल्याजवळ लपवून ठेवलेलं, प्रकाशाची हद्द पाळणारं कारण मानलं तर मोजमाप जुळत नाही. यापुढे मी गप्प बसते, कारण पुढचं मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही.

पण विहीर काही क्वांटम नाही. विहिरीला जवळचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि ते हीटरसारखं गमतीचं नाही. कोयना. धरण १०३ मीटर उंच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवसागर जलाशयात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लवकरच परिसरात बारीक हादरे जाणवायला लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, रिश्टर मापावर सहाच्या वर. दीडशेहून जास्त माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. मग तोच प्रश्न. धरणामुळे?

शंभर मीटर पाण्याचा दाब साधारण दहा वातावरणांएवढा. काही किलोमीटर खोल खडकावर आधीच जो भार असतो त्याच्यापुढे हे म्हणजे फांदीवरचा कावळा. एवढ्या दाबाने सलग, निवांत खडक फुटत नाही. पण तिथला खडक निवांत नव्हता. जुन्या भेगांवर ताण साठत आलेला होता, घसरायला थोडंच कमी होतं. पाणी भेगांतून खाली मुरलं, भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट दाबून ठेवणारा दाब त्याने थोडा सैल केला, आणि भेग घसरली. म्हणून शास्त्रज्ञ आता अशा ठिकाणी 'इंड्यूस्ड'ऐवजी 'ट्रिगर्ड' म्हणणं पसंत करतात. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर धरण निमित्त, साठलेला ताण हा खरा माल.

मात्र 'नुसतं निमित्त' म्हणून धरण सुटतं का? नाही. कोयनेच्या परिसरात हादरे आजवर थांबलेले नाहीत, आणि पावसाळ्यात जलाशय भरला की त्यानंतरच्या महिन्यांत ते वाढतात हे नोंदवलेलं आहे. पाण्याची पातळी वर-खाली होते आणि हादऱ्यांची संख्या त्यामागून हलते. हे एकदाच बसलेल्या कावळ्यासारखं नाही, दरवर्षी येऊन बसणाऱ्या कावळ्यासारखं आहे. याचाच माग काढायला २०१७ मध्ये कोयना भागात सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडून आतला खडक तपासला गेला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतरही लोकांनी माकणीच्या धरणाकडे बोट दाखवलं होतं, पण तिथे कोयनेसारखी वर्षानुवर्षांची साखळी हातात नव्हती, त्यामुळे तो वाद तसा मिटला नाही.

कोयनेमुळे मला आमच्या विहिरीचा प्रश्न नीट मांडता आला. नैयायिकांकडे यासाठी जोडी आहे, अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य असतं का, हा अन्वय. कारण काढून घेतलं तर कार्य थांबतं का, हा व्यतिरेक. आजोबांकडे अन्वय होता. ते म्हणायचे, "त्याची मोटार चालू झाली की आपलं पाणी खाली जातं, मी डोळ्यानं बघतो." आणि ते खोटं बोलत नव्हते.

घोटाळा लाईटीत होता. शेतीची थ्री फेज ठराविक तासच असते, आठवड्याच्या वेळापत्रकाप्रमाणे कधी दिवसा तर कधी रात्री. सगळ्यांच्या मोटारींना ऑटो बसवलेले. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात, धाकट्या आजोबांचीही आणि आमचीही! आमचं पाणी खाली जाणारच, आमचीच मोटार उपसतेय. दोन गोष्टी नेहमी जोडीने घडतात कारण तिसरीच एक दोघींना चालू करते. नुसतं बघत बसून हे सुटत नाही, कितीही वर्षं बघा. हात घालून एक गोष्ट बंद करावी लागते. ज्युडिया पर्ल नावाच्या संगणकशास्त्रज्ञाने २००० मध्ये 'कॉजॅलिटी' हे पुस्तक लिहून 'पाहणे' आणि 'करणे' यांतला हाच फरक गणितात बसवला.

गेल्या डिसेंबरात सेमिस्टर संपल्यावर मी वडीगोद्रीला गेले ते हे डोक्यात घेऊनच. अडचण एकच, व्यतिरेकासाठी धाकट्या आजोबांची मोटार बंद करावी लागणार, आणि ते सांगायला त्यांच्याशी बोलावं लागणार. मामा तयार होईना. शेवटी म्हणाला, "तू लेकीची लेक, तूच विचार." मग आम्ही दोघं गेलो. बारा वर्षांत मामा पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर बसला. धाकटे आजोबा ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "बंद ठेवतो. पण निघालं तर निघालं, नाही निघालं तर भाऊंना सांगायचं तूच."

पद्धत साधी होती. दोराला दगड बांधला, वीतभरावर गाठी मारल्या. पहिल्या दिवशी आमची मोटार बंद ठेवून पाणी स्थिर होऊ दिलं. पुढचे दोन दिवस आमची बंद, त्यांची चालू. नंतरचे दोन दिवस दोन्ही बंद. शिवारातल्या बाकीच्या मोटारी चालूच होत्या, त्या माझ्या हातात नव्हत्या. आमच्या मोटारीने आठ तासांत विहीर सहा फूट उतरते हे मामाला पाठच होतं.

आमची बंद आणि त्यांची चालू असताना आठ तासांत पाणी वीतभर उतरलं, दोन्ही दिवस. दोन्ही बंद असताना चार बोटं चढलं. म्हणजे बोअरचा परिणाम आहे. खोटा आळ नव्हता. आणि परिणाम आमच्या स्वतःच्या मोटारीच्या तुलनेत लहान आहे.

हिशेबाने हे पटण्यासारखं आहे. डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मध्ये दाखवलं की जमिनीतलं पाणी पातळीच्या उताराच्या प्रमाणात वाहतं, आणि थाइसने १९३५ मध्ये उपशाभोवती पातळी कशी उतरते त्याचं सूत्र दिलं. त्यात अनेक विहिरींनी केलेल्या उतारांची बेरीज होते, आपलं सुपरपोझिशन! आपला काळा पाषाण एकजीव नसतो, पाणी मुरुमातून आणि भेगांतून वाट काढतं, त्यामुळे सूत्र ढोबळच लागू पडतं. तरी वीतभर त्यांचं, सहा फूट आमचं, बाकी शिवाराचं थोडंथोडं, असे उताराचे वाटे पाडता येतात.

पण आजोबांचा प्रश्न उताराचा नव्हता. विहीर आटली कोणामुळे, बाग गेली कोणामुळे, हा होता. तो एमसीबीचा प्रश्न आहे. २०१२ चा न पडलेला पाऊस, आमचाच उपसा, मोसंबीसारखं बारमाही पाणी मागणारं झाड, शिवारातले सगळे बोअर, आणि त्यात तो एक. तो नसता तर बाग आणखी पंधरा दिवस जगली असती का? त्या पंधरा दिवसांत टँकर पुरला असता का? डिसेंबरातल्या पाच दिवसांच्या दोराने २०१३ चा फेब्रुवारी मोजता येत नाही.

संध्याकाळी वही घेऊन आजोबांसमोर बसले. सगळं सांगितलं, गाढवासकट. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे वीतभर त्यानंच नेलं ना, माय?"

"हो. पण वीतभरच," मी म्हटलं.

पलीकडे धाकट्या आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघ, वीतभरच! बारा वर्षं वीतभरासाठी!" एकच आकडा, आणि दोघांनाही हवं ते त्यात सापडलं. मला रडावं की हसावं कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायची तयारी करत होते. आजोबा दोर हातात घेऊन गाठी मोजत ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आपली मोटार चालल्यावर त्याच्या बोअरचं पाणी किती जातं, ते मोजलंस का?"

नव्हतं मोजलं. बोअरमध्ये दोर सोडता येत नाही, आत केसिंग आणि मोटारीचा पाइप असतो, त्याला वेगळं साधन लागतं. दोन वायरी, एक सेल आणि एक बझर, टोक पाण्याला टेकलं की सर्किट पूर्ण होऊन वाजेल असं. मेकॅनिकल ब्रँचची मदत न घेता बनवता येईल असं वाटतंय. तीनशे फूट वायर कोणाकडे पडून असेल तर मला १४ नंबर रूमवर भेटा.